पित्ताशयाचा मिश्र न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर : उपचार काय, पुढे काय? अनुभव/माहिती हवी आहे

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आई, वय ६४, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. साखर आहे, गोळ्यांवर आटोक्यात. पित्ताशयात खडे होते, जेवणानंतर दुखायचं, म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढून घेतलं. ऑपरेशन छान झालं, आई घरी आली, भाकरी-आमटी खायला लागली. टाके दाखवायला गेलो तर सर्जननी बायोप्सीचा कागद पुढे सरकवला. त्यावर आहे : मिक्स्ड न्यूरोएंडोक्राइन – नॉन-न्यूरोएंडोक्राइन निओप्लाझम. लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा साधारण ६० टक्के, ॲडिनोकार्सिनोमा ४० टक्के. केआय-६७ ७० टक्के. स्टेज पीटी२. सिस्टिक डक्टची (पित्ताशयाच्या नळीची) कड मोकळी.

सर्जन सरळ म्हणाले, "माझ्या प्रॅक्टिसमध्ये असा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, तुम्ही मुंबईला दाखवा." लपवाछपवी केली नाही, ते बरं वाटलं. पण घरी आल्यापासून डोकं चालत नाही.

हे दोन कॅन्सर आहेत की एक? औषध कुठल्यावर करतात? पित्ताशय तर निघालंच, मग परत ऑपरेशन लागतं का? नेटवर बघितलं तर जेमतेम काही पेशंटांचे अहवाल सापडतात आणि प्रत्येकात शेवटी वाईट लिहिलंय. खरंच इतकं वाईट असतं का?

आईला अजून "खड्यांमुळे सूज होती, तपासण्या करायच्यात" एवढंच माहीत आहे.

निशिगंध
ताई, धीर धरा. इथे बरेच डॉक्टर लोक आहेत, रात्री उशिरा येतात. धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

पुणेरी_काका
इरफान खानला हेच झालं होतं ना? त्याने २०१८ च्या मार्चमध्ये स्वतः जाहीर केलं होतं, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणून. लंडनला उपचार घेतले, मध्ये एक सिनेमाही केला. आणि स्टीव्ह जॉब्सचं २००३ साली निदान झालं, २०११ पर्यंत जगला. म्हणजे अगदीच हातपाय गाळायचं कारण नाही.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट बघत नाही, काच बघते, त्यामुळे मला जेवढं ठाऊक तेवढंच लिहिते.

काकांचा हेतू चांगला आहे, पण ही तुलना इथे चालणार नाही. न्यूरोएंडोक्राइन हे एक घराणं आहे. त्यात एका टोकाला नीट घडणीचे, सावकाश वाढणारे ट्यूमर असतात, त्यांना नेट म्हणतात. ग्रेड १, २, ३. दुसऱ्या टोकाला नेक, म्हणजे कार्सिनोमा : स्मॉल सेल किंवा लार्ज सेल. हा फार वेगाने वाढतो. जॉब्सचा स्वादुपिंडातला होता आणि पहिल्या गटातला. काकूंच्या रिपोर्टमध्ये दुसरा गट लिहिलाय. केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत. ३ च्या आत ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्याच्या वर ग्रेड ३. नेकमध्ये तो बहुधा ५० च्या पुढेच असतो. ७० हा आकडा त्याला धरूनच आहे.

आता "मिश्र". एकाच गाठीत दोन प्रकारच्या पेशी (इथे नेक आणि ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा नेहमीचा कॅन्सर), आणि प्रत्येक प्रकार किमान ३० टक्के, तरच हे नाव द्यायचं असा नियम आहे. २०१० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात याला मॅनेक म्हणायचे, २०१९ पासून मिनेन. जुने लेख शोधायचे तर मॅनेक टाका. ३० हा आकडा माणसांनी ठरवलेला आहे. २० टक्केच नेक असला तरी तो जहाल असतोच, म्हणून चांगला पॅथॉलॉजिस्ट तो लिहितोच.

दोन कॅन्सर की एक? बहुतेक वेळा एकाच मुळातून दोन फांद्या. जनुकीय तपासण्यांमध्ये दोन्ही भागांत सारखेच बदल सापडतात, त्यावरून हे म्हणता येतं. गंमत अशी की निरोगी पित्ताशयाच्या अस्तरात न्यूरोएंडोक्राइन पेशी नसतातच. वर्षानुवर्षं खडे आणि सूज राहिली की अस्तर बदलून जठरासारखं, आतड्यासारखं होतं, तेव्हा त्या तिथे येतात, असं आपण समजतो.

माझा एकच आग्रह : उपचार सुरू करण्याआधी स्लाइड दुसऱ्या, मोठ्या केंद्रात वाचून घ्या. नुसता कागद नेऊन उपयोग नाही. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) सगळे, एचअँडई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइड, आयएचसी (पेशीतली प्रथिनं ओळखणारे रंग) झालेल्या स्लाइड. लॅबला अर्ज द्या, पोच घ्या. सिनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन, जमल्यास आयएनएसएम१, आणि नेक की ग्रेड ३ नेट असा घोळ असेल तर पी५३ आणि आरबी ही प्रथिनं; ती बिघडलेली दिसली तर नेक. हा घोळ निस्तरणं महत्त्वाचं, कारण दोघांची औषधं वेगळी.

कट्ट्यावरचा_बंड्या
म्हणजे चिवड्यात ३० टक्के शेंगदाणे असले तरच "शेंगदाणा चिवडा" म्हणायचं. समजलं.

(ताई, राग मानू नका. आमच्या घरातही हे दुखणं होऊन गेलंय, हसलो नाही तर कठीण जातं.)

स्लाइडवाली
@बंड्या, उपमा झकास. फक्त इथे दहा टक्के शेंगदाणेच सगळी पिशवी फाडतात.

वारणाकाठ
बंड्या, राग कसला. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले.

स्लाइडवालीताई, ब्लॉकचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच लॅबला जाते.

सेगमेंट_पाच
पोटाचा सर्जन आहे, कॅन्सरच्याच शस्त्रक्रिया करतो. परत ऑपरेशनच्या प्रश्नाला उत्तर देतो.

खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात अवचित कॅन्सर सापडणं आम्हाला नवीन नाही. साध्या ॲडिनोकार्सिनोमात नियम बऱ्यापैकी ठरलेले आहेत. टी१ए असेल, म्हणजे फक्त वरच्या अस्तरात, तर झालं तेवढं पुरे. टी१बी (स्नायूच्या थरापर्यंत) आणि त्यापुढे असेल तर पुन्हा आत जाऊन पित्ताशयाला लागून असलेला लिव्हरचा भाग (४बी आणि ५ हे सेगमेंट, माझं नाव त्यावरूनच) आणि पित्तनलिकेच्या आजूबाजूचे लिम्फ नोड काढायचे. पित्ताशय आणि लिव्हर यांच्यात नीट पडदा नसतो, त्यामुळे टी२ मध्ये, म्हणजे स्नायूच्या पलीकडे गेल्यावर, साधं ऑपरेशन अपुरं पडतं. पोर्टच्या (दुर्बीण घालायच्या भोकांच्या) जागा कापून काढायची पद्धत होती, ती आता नेहमीसाठी करत नाहीत, फायदा दिसला नाही.

मिश्र प्रकारात हाच सांगाडा वापरतात, पण क्रम बदलू शकतो. नेकचा भाग मोठा असेल तर अनेक ट्यूमर बोर्ड (तज्ज्ञांच्या एकत्र बैठका) आधी केमो देतात. कारण मोठ्या ऑपरेशनमधून पेशंट सावरेपर्यंत दोन-अडीच महिने जातात, आणि तेवढ्यात हा रोग लिव्हरभर झालेला मी पाहिलाय. आधी केमो दिली तर रोगाचा स्वभावही कळतो.

ताई, तुमच्या सर्जनकडून ऑपरेशन नोट्स आणा. दोन गोष्टी बघायच्या. पित्ताशय काढताना फुटून पित्त सांडलं का? बाहेर काढताना पिशवीत घालून काढलं का? दोन्हीवर पुढे पोटात किंवा पोर्टच्या जागी रोग यायची शक्यता अवलंबून असते. विचारताना "आम्ही दोष द्यायला आलो नाही" असं आधीच म्हणा, माणूस मोकळेपणी सांगतो.

आणि एफडीजी पेट-सीटी (साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेला सबंध अंगाचा स्कॅन) झाल्याशिवाय कुठलाच निर्णय नाही. ताज्या ऑपरेशनच्या जागेवर सुजेमुळे चमक येते, हे वाचणाऱ्याला ऑपरेशनची तारीख कळवा.

सोनचाफा_७
बाप रे. मला दोन वर्षांपासून खडे आहेत, काही त्रास नाही. काढून टाकू का आता??

सेगमेंट_पाच
@सोनचाफा, त्रास नसलेले खडे सरसकट काढत नाहीत. पित्ताशयाच्या कॅन्सरच्या बहुतेक पेशंटांना खडे असतात, पण खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना कॅन्सर कधीच होत नाही. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, १ सेंटिमीटरपेक्षा मोठा पॉलिप, भिंतीत चुना साठलेलं पित्ताशय, भिंत एका बाजूला जाड, असं काही सोनोग्राफीत असेल तर सर्जनला दाखवा. गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे यूपी-बिहारपासून बंगाल-आसामपर्यंत, हा कॅन्सर पुष्कळ दिसतो. दक्षिणेत कमी, आपल्याकडेही तिकडच्या मानाने कमीच.

कट्ट्यावरचा_बंड्या
आमच्या तीर्थरूपांचं ऑपरेशन झालं तेव्हा खडे बाटलीत घालून दिले. ती बाटली अजून टीव्हीच्या वर आहे, पाहुण्यांना दाखवतात. पित्ताशयाचं काय झालं ते कुणी विचारलंही नाही.

स्लाइडवाली
@बंड्या, मला हेच दुखतं. खडे नातेवाइकांना आणि अवयव कचऱ्यात. काढलेलं प्रत्येक पित्ताशय तपासणीला गेलं पाहिजे. पैसे वाचवायला "नॉर्मल दिसतंय" म्हणून टाकून देतात. वारणाकाठ यांच्या सर्जननी पाठवलं, म्हणून आज निदान हातात आहे. पोटात पाणी भरल्यावर कळलं असतं तर काय केलं असतं?

अकोल्याचा_नाना
माह्या मोठ्या भावाले हेच होतं, पण पित्ताशयात नाही, पित्ताच्या नळीत. खालच्या टोकाला. आधी कावीळ झाली. गावात कावीळ उतरवणारा एक माणूस होता, त्याच्याकडं नेलं. गळ्यात माळ, सकाळी ताकातून पाला. डोळे पिवळे ते पिवळेच. अंगाला खाज अशी का रात्रभर ओरबाडे. संडास पांढरी, चिकणमातीसारखी. आमच्या भाचीनं सांगितलं, मामा, संडास पांढरी झाली म्हणजे नळी बंद आहे, हे पाल्याचं काम नाही. ती नर्स होय.

मग नागपूरले नेलं. आधी पोटातून नळी टाकून पित्त बाहेर काढलं, पीटीबीडी म्हणतात. ती पिशवी कमरेला बांधून हिंडे. कावीळ उतरल्यावर व्हिपलचं ऑपरेशन, त्यात स्वादुपिंडाचं डोकं, नळी अन् आतड्याचा तुकडा काढतात. बायोप्सी आली तं दोन जातीच्या पेशी. केमो झाली. बरं चाललं होतं, वावरात जाऊ लागला होता. मग दुसऱ्या वर्षी लिव्हरमध्ये डाग दिसले. तिथल्या डॉक्टरनं पुन्हा सुई घालून तुकडा काढला. आम्ही म्हटलं आता कशाले, रोग माहीतच आहे नं. तं तुकड्यात फक्त न्यूरोएंडोक्राइनच निघालं, दुसरी जात नव्हतीच. त्यावर औषध बदललं.

भाऊ आता नाही. पण ताई, कावीळ आली तं एक दिवस घालवू नका, अन् परत उलटलं तं परत तुकडा तपासा. एवढंच सांगाचं होतं.

तिसऱ्या_वर्षाचा
@नाना, तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी फार नीट काम केलं. मिश्र ट्यूमर पसरतो तेव्हा कधी एकच भाग पसरतो, कधी दोन्ही. म्हणून शक्य असेल तिथे नव्या जागेची बायोप्सी करावी. खाज असह्य असते हेही खरं. कोलेस्टिरामिन, रिफॅम्पिसिन यांनी काहींना आराम पडतो, पण खरा इलाज पित्ताला वाट करून देणं.

मेडिकल ऑन्कॉलॉजीत शिकतोय. मूळ प्रश्नाकडे येतो : औषध कुठल्या भागावर?

सर्वसाधारण रीत अशी की जो भाग जास्त जहाल त्यावर. नेक असेल तर इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी, हे फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरवरून उचललेलं आहे. ॲडिनोकार्सिनोमाचाच भाग पसरलेला असेल तर पित्तमार्गाच्या कॅन्सरची रीत, म्हणजे जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन. ती २०१० च्या एबीसी-०२ या ब्रिटनमधल्या चाचणीतून आली, ४१० पेशंट होते, दोन्ही औषधांवर मध्यम आयुष्य ११.७ महिने, नुसत्या जेमसिटाबिनवर ८.१. आता त्याला ड्युर्व्हालुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध जोडतात. बघा, प्लॅटिनम (सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन) दोन्हीकडे आहे, त्यामुळे कुठलीही बाजू घेतली तरी दुसरा भाग अगदीच मोकळा सुटत नाही.

मिनेनवर वेगळी मोठी चाचणी नाही. इतके कमी पेशंट की एखाद्या देशात गोळा करायलाही वर्षं लागतील. म्हणून नेकचे आकडे उसने घेतो. नॉर्डिक देशांतल्या ३०५ पेशंटांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. पसरलेला नेक, केमो मिळाली त्यांचं मध्यम आयुष्य ११ महिने, ज्यांना देताच आली नाही त्यांचं १ महिना. त्यातली कामाची गोष्ट : केआय-६७ ५५ च्या वर असेल तर प्लॅटिनमने गाठ आकसण्याचं प्रमाण ४२ टक्के, खाली असेल तर १५. जपानमधली टॉपिक-नेक चाचणी २०२२ ची, १७० पेशंट, यात लिव्हर-पित्तमार्ग-स्वादुपिंडाचेही होते. इटोपोसाइडऐवजी इरिनोटेकान घातलं तर फरक पडतो का ते बघितलं. १२.५ आणि १०.९ महिने, म्हणजे ठळक फरक नाही. निम्म्याहून थोड्या जास्त पेशंटांत गाठी आकसल्या.

ताई, हे सगळे आकडे पसरलेल्या किंवा काढता न येणाऱ्या रोगाचे आहेत. तुमच्या आईंचं पेट अजून व्हायचंय. रोग जागेवरच असेल आणि पूर्ण काढता आला तर हे आकडे त्यांना लागू करू नका. पूर्ण निघाला का, लिम्फ नोडमध्ये आहे का, नेकचा भाग किती, या तीन गोष्टींवर सगळं फिरतं. काही पेशंट वर्षानुवर्षं चांगले राहिल्याचे अहवालही आहेत, पण थोडे. "बरं होईलच" असं मी लिहिणार नाही आणि "संपलं"ही लिहिणार नाही.

गणिताच्या_बाई
@वारणाकाठ, मध्यम ११ महिने याचा अर्थ "११ महिने मिळतात" असा नाही. निम्मी माणसं त्याच्या आत आणि निम्मी त्याच्या पुढे, आणि पुढची बाजू लांब पसरलेली असते. सातवीला शिकवते, तिथेही हाच गोंधळ.

मिहीर_टोरांटो
इथे माझ्या सहकाऱ्याला आतड्यातला नेट होता, त्याला ल्युटेशियम-१७७ डोटाटेट दिलं. शिरेतून औषध, ते गाठीला जाऊन चिकटतं आणि आतून किरण देतं. तीन वर्षं झाली, कामावर येतो. भारतात हे मिळत नसेल तर बाहेर आणता येईल का ते बघा. केमोपेक्षा खूपच सुसह्य.

तिसऱ्या_वर्षाचा
@मिहीर, भारतात मिळतं, आणि बाहेरून आणायचीही गरज नाही. ल्युटेशियम-१७७ ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये अशा उपचारांचा जुना अनुभव आहे.

पण ते चिकटायला पेशीवर सोमॅटोस्टॅटिनचा रिसेप्टर लागतो. गॅलियम-६८ डोटाटेट किंवा डोटानॉक पेटमध्ये गाठ उजळली तरच. नीट घडणीच्या नेटमध्ये उजळते, नेकमध्ये बहुधा नाही, तिथे साखरेचं एफडीजी पेट उजळतं. ल्युटेशियमची नेटर-१ चाचणी लहान आतड्याच्या, सावकाश वाढणाऱ्या ट्यूमरवर होती. काकूंच्या रिपोर्टवरून हा मार्ग पहिला नाही. स्लाइडच्या फेरतपासणीत नेकऐवजी ग्रेड ३ नेट निघाला, तर मात्र हे पान उघडतं.

निसर्गप्रेमी_भाऊ
केमोने माणूस कॅन्सरआधी मरतो. आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, गोमूत्र अर्क आणि पंचगव्यावर चौथ्या स्टेजचे बरे केलेत. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देतो.

अकोल्याचा_नाना
भाऊ, आमच्याही ओळखीत होता एक. माळ अजून खुंटीला आहे.

पुणेरी_काका
बरे केले म्हणता, तर एकाचा तरी आधीचा आणि नंतरचा स्कॅन दाखवा की. नंबर नको.

ॲडमिन
निसर्गप्रेमी_भाऊ, व्यनितून नंबर देण्याचं आवाहन धोरणात बसत नाही. औषधांचे डोसही कुणी लिहू नयेत. आहार-आयुर्वेदावर चर्चा करायची असेल तर वेगळा धागा काढा.

कार्डवाली_सिस्टर
केमो डे-केअरमध्ये नर्स आहे. भाऊंना उत्तर देत बसत नाही, पण केमोच्या काळात बाहेरचे काढे, अर्क घेतले की लिव्हरचे रिपोर्ट बिघडतात आणि सायकल (केमोचा पुढचा फेरा) पुढे ढकलावी लागते. काही घेत असाल तर लपवू नका, आम्हाला सांगा.

एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. क्रोमोग्रॅनिन-ए ही रक्ततपासणी लिहून देतात. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर ती उगाच वाढलेली येते, आणि आपल्याकडे ती गोळी घरोघरी चालू असते. डॉक्टरांना विचारून आधी बंद करावी लागते. कावीळ असताना सीए १९-९ (पित्तमार्ग-स्वादुपिंडाच्या कॅन्सरची रक्ततपासणी) सुद्धा असंच फसवतं.

आणि ताई, आईंना सांगा. आमच्याकडे रोज बघते. घरचे बाहेर उभे राहून खुणा करतात, "त्यांना माहीत नाही हं". आत पेशंट मला विचारतो, "सिस्टर, कॅन्सरच आहे ना? पोरांना सांगू नका, मला कळलंय म्हणून."

पुणेरी_काका
असहमत. माझ्या सासऱ्यांना सांगितलं आणि त्यांनी जेवणच टाकलं. ज्याचा त्याचा स्वभाव असतो. सगळ्यांना एकच काठी नको.

निशिगंध
काका, पण परळला टाटाच्या दारात उभं राहून काय सांगणार? दातांसाठी आलोय म्हणून?

रानभूल
मी पेशंट आहे. दुसरा कॅन्सर, हा नाही. मला नवऱ्याने आठवडाभर लपवलं. त्या आठवड्यात सगळे माझ्याशी इतकं गोड बोलत होते की मला वाटलं घर विकायला काढलंय. सांगायचं कसं हे ठरवा, सांगायचं की नाही हे नको. आणि आकडे त्यांनी विचारले तरच.

वारणाकाठ
सगळं वाचतेय. आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासत आली, तिला खोटं लगेच कळतं. भाऊ नको म्हणतोय. बघते.

ब्लॉक मिळाले. ऑपरेशन नोट्समध्ये "पित्त सांडले नाही, पिशवीतून काढले" असं लिहिलंय. पुढच्या आठवड्यात मुंबई. राहायचं कुठे, आणि खर्च? भावाची नोकरी खासगी आहे, माझी शाळा विनाअनुदानित.

परळचा_शेजारी
टाटाला आधी ऑनलाइन नोंदणी करा. फाइल जनरल की प्रायव्हेट ते सुरुवातीलाच ठरतं, उपचार ठरवणारी टीम तीच, फरक पैशाचा आणि रांगेचा. सगळे कागद, पेटची सीडी, ब्लॉक एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. पहिला दिवस पूर्ण जातो, आईंसाठी डबा आणि साखरेच्या गोळ्या जवळ ठेवा.

राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, कॅन्सरच्या पेशंटांसाठी कित्येक वर्षं आधार आहे. जागा मिळेलच असं नाही, आधी फोन करा. टाटाच्या समाजसेवा विभागात गेलात तर ते बाकीच्या जागाही सांगतात. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म तिथूनच भरून मिळतो.

प्रत्येक सायकल मुंबईला घ्यायची गरज नाही. योजना इथे ठरवायची आणि केमो सांगली-मिरज-कोल्हापुरात घ्यायची, असे पुष्कळ जण करतात. इटोपोसाइड आणि प्लॅटिनम दोन्ही जुनी, जेनेरिक आहेत, खिशाला त्यातल्या त्यात झेपतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, आता पांढऱ्या रेशन कार्डालाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि केमो सुरू होण्याआधी मंजुरी घ्या. नंतर बिलं घेऊन फिरलात तर काही मिळत नाही.

सेगमेंट_पाच
प्रवास नकोच असेल तर टाटाच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' नावाच्या ऑनलाइन सेवेतूनही घेता येतं. पण इथे स्लाइड वाचून घ्यायच्या आहेत, तेव्हा एकदा जाच.

वारणाकाठ
उशिरा लिहितेय, क्षमस्व.

फेरतपासणी झाली. लार्ज सेल नेकच, प्रमाण जवळपास तेच, केआय-६७ आता ८०. आरबी गेलेलं आहे. म्हणजे ल्युटेशियमचं पान बंद. पेटमध्ये पित्ताशयाच्या जागेशी थोडी चमक आणि लिव्हरच्या मुळाशी एक लिम्फ नोड संशयास्पद. दूर कुठे काही नाही.

बोर्डाने ठरवलं : आधी इटोपोसाइड आणि प्लॅटिनम, काही सायकलनंतर स्कॅन, आणि रोग तिथेच थांबला असेल तर लिव्हरचा भाग आणि लिम्फ नोड काढायचे. सेगमेंट_पाच, तुम्ही लिहिलं होतं तसंच. पुढचं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "दुसऱ्या स्कॅननंतर मी आत्तापेक्षा जास्त खरं बोलू शकेन." आकडा दिला नाही, आम्हीही रेटलं नाही.

आईला गाडीतच सांगितलं, कराडच्या पुढे. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरीच तुम्ही दोघं भांडत नव्हतात." ओपीडीत तिनेच विचारलं की दोन जाती आहेत तर एका औषधाने दोन्ही मरणार का. डॉक्टर चमकल्या, म्हणाल्या, अर्धवट मरतात, म्हणूनच नंतर ऑपरेशन हवंय.

आता मिरजेत पहिली सायकल. आधी काय तयारी करू?

तिसऱ्या_वर्षाचा
आईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. किडनीचे रिपोर्ट आणि सिस्प्लॅटिन ठरलं असेल तर ऐकण्याची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. साखरेमुळे पायाला आधीच मुंग्या येत असतील तर तेही सांगा. किडनी किंवा नसा कमजोर असतील तर कार्बोप्लॅटिन देतात.

कार्डवाली_सिस्टर
केमोच्या दिवसांत उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, त्याने साखर भसकन वर जाते. घरी दिवसातून दोन-तीनदा मोजा, वहीत लिहा, कितीच्या वर गेली तर फोन करायचा ते आधीच विचारून ठेवा. ताप १०० च्या वर गेला तर रात्र असो की दिवस, क्रोसिन देऊन वाट बघू नका, थेट दवाखाना. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन देतील, त्यानंतर हाडं दुखतात, घाबरू नका. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर बघून दचकायला होत नाही.

रानभूल
सुती स्कार्फ. विग उन्हाळ्यात नको, डोकं शिजतं.

वारणाकाठ
आई म्हणते विग नको, तिला पदर घ्यायची सवय आहे. ग्लुकोमीटर घरात आहे, पट्ट्या संपल्यात. आज आणते.

पुणेरी_काका
पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघून घ्या. आमच्या इथला केमिस्ट जुन्याच खपवतो.